‘सध्या काय वाचता?’ : सांगणे, मिरवणे आणि लपवणे



आपण एकमेकांना भेटतो तेव्हा पुष्कळ गोष्टी विचारतो. आळेफाट्याच्या बाजारात कांद्याला काय भाव निघाला, कालव्याला पाणी केव्हा सुटणार, कोणाच्या उसात बिबट्या दिसला, मुलीचे कोठे जमले, मुलाला किती टक्के पडले. हे सारे प्रश्न आपुलकीचे आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. परंतु ‘सध्या आपण काय वाचता?’ हा प्रश्न आपल्या घरांत, ओट्यांवर, मशिदीच्या सहनात क्वचितच ऐकू येतो. चुकून कोणी विचारलाच, तर समोरचा संकोचतो, किंवा वाचलेल्या पुस्तकांची यादी म्हणून दाखवतो. संकोच आणि यादी या दोहोंच्या मध्ये एक सरळ वाट आहे. ती कोणती, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

आमच्या निमगाव सावा येथे एका महाविद्यालयीन तरुणाने मला विचारले, “मौलाना, मी एखादे पुस्तक वाचत असलो की ते मित्रांना सांगावेसे वाटते. पण सांगू लागलो की मनात येते, हा दिखावा तर होत नाही ना? मग मी गप्प बसतो. माझे सांगणे योग्य की गप्प बसणे?” प्रश्न साधा आहे, पण त्यात दीनच्या दोन मोठ्या शिकवणी समोरासमोर उभ्या राहतात. एक शिकवण इख्लासची, म्हणजे कर्म केवळ अल्लाहसाठी असावे ही. दुसरी, जे हितकारक आपल्याला गवसले ते दुसऱ्यापर्यंत पोहोचवावे ही. एकीला धरताना दुसरी हातून निसटू नये, एवढी काळजी घ्यावयाची आहे.

प्रथम त्या तरुणाच्या भीतीकडे पाहू. ती निराधार नाही. सहीह मुस्लिममधील एक सुप्रसिद्ध हदीस आपण ऐकली असेल. अंतिम न्यायाच्या दिवशी ज्यांचा हिशेब सर्वप्रथम होईल, त्यांत ज्ञान शिकलेला, शिकवलेला आणि कुरआन पठण केलेला एक मनुष्य असेल. त्याचे शिकणे खरे होते, शिकवणेही खरे होते. हेतू मात्र एवढाच होता की लोकांनी त्याला विद्वान म्हणावे. लोकांनी तसे म्हटले, म्हणजे त्याला त्याचा मोबदला जगातच मिळून गेला. आता अल्लाहकडे त्याच्यासाठी काही शिल्लक उरले नाही. ज्ञानाच्या वाटेवर चालणाऱ्याने थरकापावे असाच हा प्रसंग आहे.

आणखी एक हदीस या विषयाला अगदी चपखल लागू पडते. ती माननीय अस्मा (रजि.) यांच्याकडून बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. पतीने जे दिलेच नाही ते दिल्याचे सवतीसमोर भासवले तर काही हरकत आहे काय, असे एका स्त्रीने प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले. त्यावर प्रेषितांनी सांगितले त्याचा आशय असा की, जे मिळाले नाही त्याने तृप्त झाल्याचे दाखवणारा हा असत्याची दोन वस्त्रे पांघरणाऱ्यासारखा आहे. वाचकहो, न वाचलेल्या पुस्तकाबद्दल वाचल्यासारखे बोलणे हे त्याच वस्त्रांपैकी एक आहे. दरवर्षी १५ ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीदिनी, महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. २०१५ पासून चालत आलेला हा उपक्रम निश्चितच स्तुत्य आहे. पण त्या दिवशी मोबाइलवर पुस्तकांच्या चळतीची छायाचित्रे टाकताना प्रत्येकाने स्वतःला एक प्रश्न अवश्य विचारावा : यांपैकी किती पुस्तकांची पाने मी उलटली आहेत? पवित्र कुरआनने (६२:५) ग्रंथ वाहणाऱ्या गाढवाचा दृष्टांत दिला आहे. ग्रंथ सोपवले गेले, पण ते पेलले गेले नाहीत, अशा लोकांविषयीचा तो दृष्टांत आहे. तो वाचताना दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवण्याची घाई करू नये. पुस्तके पाठीवर असणे आणि मनात उतरणे यांतील अंतर प्रत्येकाने आपल्यापुरते मोजावे.

तर मग गप्प बसणेच बरे, असे कोणी म्हणेल. येथे थोडे थांबावयास हवे. हिजरी दुसऱ्या शतकातील थोर साधक फुजैल बिन इयाज (रह.) यांच्या शिकवणीतील एक मर्म आपल्या उलेमांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितले आहे. लोकांसाठी सत्कर्म करणे हा जसा रोग आहे, तसा लोकांच्या भयाने सत्कर्म सोडून देणे हाही रोगच आहे. कारण दोन्ही ठिकाणी माणसाची नजर लोकांवरच खिळलेली असते. जो कौतुकासाठी बोलतो तोही लोकांचा बंदा, आणि लोक काय म्हणतील म्हणून जो तोंड मिटतो तोही लोकांचाच बंदा. इख्लास या दोहोंपासून सुटण्यात आहे. तेव्हा त्या तरुणाने मौन धरले म्हणजे तो दिखाव्यातून सुटला, असे समजण्याचे कारण नाही.

दानाच्या बाबतीत पवित्र कुरआनने (२:२७१) किती सुंदर समतोल राखला आहे! उघडपणे दान दिले तर तेही चांगले, आणि लपवून गरिबांना दिले तर ते अधिक चांगले, असा त्या आयतीचा आशय आहे. उघड दानाला कुरआनने निषिद्ध ठरवले नाही. एकाचे देणे पाहून दुसऱ्याचा हात खिशाकडे जातो, हे आपण रमजानमध्ये पाहतोच. वाचनाचेही असेच आहे. शिवाय दान गुप्त राहिले तरी गरिबाच्या हातात पडते. माझ्या वाचनातील लाभ मात्र मी बोललोच नाही, तर माझ्याच कवटीत कोंडून राहतो. सूरह अल्‌-अस्रमध्ये तोट्यातून वाचणाऱ्यांची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत एकमेकांना सत्याची ताकीद देणे हे एक आहे. दोघांचाच हेवा करणे योग्य, अशा अर्थाची जी हदीस आहे, त्यांतील एक श्रीमंत आहे, जो आपली संपत्ती सन्मार्गात खर्च करतो. आणि दुसरा तो, ज्याला शहाणपण लाभले, जो त्यानुसार निवाडा करतो आणि ते इतरांना शिकवतो. नुसते शहाणपण पुरेसे झाले असते, तर शिकवण्याचा उल्लेख तेथे आलाच नसता.

म्हणजे सांगण्यातही धोका आहे आणि लपवण्यातही. यातून मार्ग कसा काढावा? आपल्या पूर्वजांनी तो काढून ठेवला आहे, आणि तो शोधण्यासाठी जुन्या हस्तलिखितांच्या समासात डोकवावे लागते.

हदीसचे ग्रंथ पूर्वी एकट्याने वाचण्याची रीत नव्हती. मजलिस भरत असे. एक जण मोठ्याने वाची, बाकीचे ऐकत, आणि ग्रंथ जाणणारे उस्ताद चुका दुरुस्त करीत. या श्रवणाला ‘समाअ’ म्हणत. वाचन संपले की हस्तलिखिताच्या शेवटी किंवा समासात नोंद केली जाई : कोणासमोर वाचले, वाचणारा कोण, ऐकणारे कोण, ठिकाण कोणते, दिवस कोणता. दमास्कस शहरातील अशा नोंदी मोठ्या संख्येने टिकून आहेत. हिजरी ५५० ते ७५० या दोन शतकांतील नोंदींच्या सूची अभ्यासकांनी छापून प्रसिद्ध केल्या आहेत. त्या नोंदींत मोठमोठ्या आलिमांसोबत कारागीर आहेत, व्यापारी आहेत, स्त्रिया आहेत, बापाचे बोट धरून आलेली लहान मुलेही आहेत.

या नोंदींतील एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. एखादा श्रोता उशिरा आला, किंवा एखाद्या बैठकीला आला नाही, तर त्याच्या नावापुढे ‘याचा अमुक भाग ऐकावयाचा राहिला’ असे स्पष्ट लिहिले जाई. नाव गाळले जात नसे आणि उणीवही झाकली जात नसे. वाचनाविषयी बोलणे ही त्या लोकांच्या लेखी एक साक्ष होती, आणि साक्षीदाराने जेवढे पाहिले-ऐकले तेवढेच सांगावयाचे असते. ना कमी, ना जास्त.

माझ्या अल्पमतीप्रमाणे त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. आपण काय वाचतो ते सांगावे, पण साक्ष द्यावी तसे सांगावे. ‘मी हा ग्रंथ वाचला आहे’ असे छाती काढून म्हणण्याऐवजी ‘मी हे वाचतो आहे, चौथ्या प्रकरणापर्यंत आलो आहे, अमुक मुद्दा कळला, तमुक अजून उमगला नाही’ असे म्हणावे. जेवढी पाने वाचली तेवढीच आपली. पुढची पाने अजून आपली नाहीत.

‘सध्या’ या शब्दात म्हणूनच मोठी खुबी आहे. वाचून संपलेल्या पुस्तकांची यादी सांगणे म्हणजे विकून झालेल्या पिकाचा भाव सांगणे. ऐकणारा फार तर कौतुक करील किंवा मनातल्या मनात जळेल. पण उभ्या पिकाविषयी शेतकरी बोलतो तेव्हा त्याचा सूर निराळा असतो. पाने पिवळी का पडली, खत कमी झाले काय, हे तो बांधावरच्या शेजाऱ्याला विचारतो, आणि शेजारीही आपला अनुभव सांगतो. अर्धवट वाचलेले पुस्तक हे असे उभे पीक आहे. त्याविषयी बोलताना माणसाला गर्व करता येत नाही, कारण ते अजून त्याच्या कोठारात आलेले नाही. आणि ऐकणाऱ्यालाही त्यात हातभार लावता येतो : अमुक शब्दाचा अर्थ असा आहे, तमुक विषयावर दुसऱ्या एका किताबमध्ये अधिक सविस्तर लिहिले आहे, या ठिकाणी लेखकाशी माझे मत जुळत नाही.

साक्षीची आणखी एक अट आहे. ऐकीव गोष्ट साक्ष ठरत नाही. माणसाच्या खोटेपणाला एवढे पुरेसे आहे की जे जे कानावर येईल ते ते त्याने सांगत सुटावे, असा एका हदीसचा आशय सहीह मुस्लिमच्या प्रास्ताविकात आला आहे. ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नका, कान, डोळे आणि अंतःकरण या प्रत्येकाविषयी विचारणा होणार आहे, अशी जाणीव पवित्र कुरआन (१७:३६) करून देतो. आज आपल्या मोबाइलवर दिवसभरात किती मजकूर येतो आणि आपण तो न वाचता किती पुढे ढकलतो! कोणत्या किताबमधला, कोणत्या पानावरचा, कोणी लिहिलेला, याचा पत्ता नसतो. ‘मी सध्या अमुक पुस्तक वाचतो आहे’ असे म्हणणारा माणूस मात्र पुस्तकाचे नाव सांगतो, लेखकाचे नाव सांगतो, आणि ‘दाखव’ म्हटले तर पान उघडून दाखवू शकतो. ज्या घरात असे बोलण्याची सवय आहे, त्या घरात अफवेला सहसा थारा मिळत नाही.

घराचा विषय निघालाच आहे, तर तेथे थोडे अधिक थांबू, कारण खरी कसोटी तेथेच लागते. आपल्या अनेक घरांत जुजदानात गुंडाळलेला कुरआन उंच फळीवर आदराने ठेवलेला असतो, आणि मुले काय वाचतात हे कोणालाच ठाऊक नसते. मुलगी अभ्यासाच्या वहीखाली एखादी मराठी कादंबरी झाकून वाचते. मुलगा अंगावर चादर ओढून मोबाइलच्या उजेडात कोणाचे तरी जहाल लिखाण वाचतो. दोघेही लपवतात, कारण सांगितले तर काय होईल हे त्यांनी पाहिलेले असते. प्रश्न विचारला जातो, पण तो चौकशीसारखा. उत्तर दिले की पुस्तक हिसकावले जाते. अशा घरात मूल दोन गोष्टी शिकते. वाचन ही लपवण्याची बाब आहे, ही पहिली. आणि बापासमोर अर्धे सत्य सांगावे, ही दुसरी. कादंबरीने जेवढे नुकसान झाले असते, त्याहून किती तरी मोठे नुकसान या दुसऱ्या शिकवणीने होते.

पवित्र कुरआनने (४९:१२) एकमेकांच्या गुपितांचा शोध घेत फिरण्यास मनाई केली आहे. मुलांच्या संगोपनाची जबाबदारी आईवडिलांवर आहेच. पण जबाबदारी निभावणे आणि हेरगिरी करणे यांत फरक आहे. तो फरक पाळण्याचा एक सोपा उपाय असा की आधी स्वतः सांगावे. अब्बूंनी जेवताना सहज म्हणावे, “मी सध्या अमुक वाचतो आहे, त्यातली ही गोष्ट मला नवीन वाटली. तू काय वाचतोस?” आणि मग जे उत्तर येईल ते शांतपणे ऐकून घ्यावे. पुस्तक न आवडण्यासारखे असले तर आधी चार पाने स्वतः वाचावीत, मग बोलावे. न वाचता दिलेला निवाडा मुलाला पटत नाही, आणि तो न्यायाला धरूनही नसतो.

मुलींच्या आणि स्त्रियांच्या वाचनाविषयी तर आपण अधिक उदार असावयास हवे. सहीह बुखारीच्या प्रमाणभूत संहिता ज्यांच्याकडून पुढे आल्या, त्यांत हिजरी पाचव्या शतकात मक्केत शिकवणाऱ्या करीमा अल्‌-मर्वजिय्या (रह.) या विदुषीचे नाव अग्रभागी आहे. बगदादचे विख्यात हदीसवेत्ते खतीब अल्‌-बगदादी (रह.) यांनी हजच्या काळात त्यांच्यासमोर हा ग्रंथ वाचला होता. ज्या उम्मतीचा एवढा मोठा ग्रंथ एका स्त्रीच्या अमानतीत राहिला, त्या उम्मतीच्या घरात आपण काय वाचतो हे सांगण्याचीही चोरी असावी, हे आपल्याला शोभत नाही.

तथापि, सांगण्याची सक्ती मात्र कोणावरही नसावी. कोणी आजाराविषयी वाचत असते, कोणी व्यसनातून सुटण्याचा मार्ग शोधत असतो, कोणाच्या संसारात काही अडचण असते, कोणाच्या मनात शंका दाटून आलेल्या असतात आणि तो त्यांचे उत्तर धुंडाळत असतो. अशा वाचनावर पडदा असणे हाच शिष्टाचार आहे. एखाद्याने हसून विषय बदलला, तर आपणही बदलावा.

येथे काही बंधू विचारतील : दीनच्या किताबांविषयी बोलावे हे ठीक, पण इतर पुस्तकांचे काय? याविषयी मापदंड स्वतः प्रेषितांनी (स.) दिला आहे. लाभदायक नसलेल्या ज्ञानापासून त्यांनी अल्लाहचा आश्रय मागितला. म्हणजे पुस्तक कोणत्या भाषेतले, कोणत्या लिपीतले, कोणी लिहिलेले, यापूर्वी ते लाभदायक आहे काय, हे पाहावयाचे. माननीय जैद बिन साबित (रजि.) यांना प्रेषितांनी यहुद्यांची लिपी शिकण्यास सांगितले आणि त्यांनी ती सुमारे पंधरा दिवसांत आत्मसात केली. बद्रच्या युद्धातील ज्या कैद्यांजवळ खंडणी नव्हती, त्यांची सुटका मुलांना लिहिणे शिकवण्याच्या मोबदल्यात करण्यात आली. शिकवणारे तेव्हा शत्रुपक्षातील होते. पण अक्षरे तर लाभदायक होती.

पुस्तकाविषयीचे बोलणे आपल्या मोहल्ल्याच्या सीमेवर थांबण्याचेही कारण नाही. आपल्या गावांत हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा ज्ञानेश्वरीचे पारायण होते. शेजारी काय वाचतात हे आपल्याला कानांनीच कळते. आपण काय वाचतो, हे त्यांना कितीसे ठाऊक असते? साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तक मराठीत लिहिले आणि त्यात प्रेषितांचे चरित्र मोठ्या आस्थेने मांडले. विनोबांनी कुरआनातील निवडक आयतींचे संकलन केले. हे दोघे आपल्या घराच्या दारापर्यंत चालत आले, असेच म्हणावे लागेल. डॉ. कलाम यांनी आपल्या आत्मचरित्रात रामेश्वरमच्या एस. टी. आर. माणिकम या गृहस्थांची आठवण नोंदवली आहे. त्यांच्याकडे मोठा ग्रंथसंग्रह होता. ते या मुलाला वाचण्यास उत्तेजन देत आणि तो त्यांच्या घरी जाऊन पुस्तके आणत असे. वाचलेल्या पुस्तकाविषयी एका वडीलधाऱ्या माणसाने मुलाशी बोलणे, एवढीच ती गोष्ट. पण तिचे फळ साऱ्या देशाने पाहिले.

आपल्या जुन्नर तालुक्याला तर या बाबतीत एक खास वारसा आहे. जुन्नरचे मुस्लिम कागदी हाताने कागद तयार करीत. ‘जुन्नरी कागद’ या नावाने तो ओळखला जाई आणि मराठेशाहीच्या दफ्तरांत त्यावर लिहिले जाई. लगदा घोटणे, जाळीवर ताव उचलणे, वाळवणे, घासून गुळगुळीत करणे, एवढे कष्ट करून तो कागद कारागिराच्या हातून लेखकाच्या हाती जाई. आपल्याजवळच ठेवण्यासाठी कोणी कागद बनवला नाही. ज्यांच्या वाडवडिलांनी लिहिण्यासाठी जगाला ताव दिले, त्यांच्या वारसांनी लिहिलेले आपल्यापुरते दाबून ठेवू नये.

प्रत्यक्षात काय करता येईल? मोठा खर्च किंवा मोठी संस्था लागत नाही. सातारा जिल्ह्यातील भिलार या गावाने ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून घराघरांत पुस्तके मांडली. तेवढे सर्वांना जमणार नाही. पण आठवड्यातून एकदा, जुमेरातच्या इशानंतर मशिदीच्या सहनात किंवा घरातल्या दस्तरखानावर, पंधरा मिनिटे काढता येतील. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगाव्यात : सध्या कोणते पुस्तक वाचतो, कोठवर आलो, आणि कोणती एक गोष्ट कळली किंवा कळली नाही. ज्याचे त्या आठवड्यात वाचन झाले नाही, त्याने ‘झाले नाही’ म्हणावे. दमास्कसच्या मजलिसीत उशिरा आलेल्याचे नावही लिहिले जातच होते. एक वही ठेवावी आणि तीत तारीख, नाव, पुस्तक अशी नोंद करावी. कोणाची पाने किती झाली याची तुलना करू नये, बक्षीस ठेवू नये. बक्षीस आले की दिखावा मागोमाग येतो.

आणि बोलण्यापूर्वी प्रत्येकाने मनाला एकदा विचारावे : हे मी माझे नाव व्हावे म्हणून सांगतो आहे, की ऐकणाऱ्याचा लाभ व्हावा म्हणून? उत्तर संमिश्र आले तरी घाबरू नये. नियत सुधारत सुधारत कर्म करीत राहावे. नियत पूर्ण शुद्ध होईपर्यंत थांबलेला मनुष्य पुष्कळदा थांबलेलाच राहतो. त्या तरुणालाही मी एवढेच म्हणेन : बेटा, सांग. जेवढे वाचलेस तेवढेच सांग, लेखकाचे नाव घेऊन सांग, आणि सांगून झाले की समोरच्याला विचार, ‘तू सध्या काय वाचतोस?’ या शेवटच्या प्रश्नात तुझी परीक्षा आहे. ज्याला मिरवावयाचे असते तो स्वतःचे बोलून उठून जातो. ज्याला लाभ हवा असतो तो बसून ऐकतो.

अल्लाह आपल्या सर्वांना लाभदायक ज्ञान देवो, ते खरेपणाने सांगण्याची आणि नम्रतेने ऐकण्याची सुबुद्धी देवो, आणि आपल्या वाचनाला आपल्या विरोधातील नव्हे, तर आपल्या बाजूची साक्ष करो. आमीन.